शेवटच्या शेतापासून पाणी

नकाशा आधी कागदावर पेन्सिलीने काढतात. मग त्यावर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणून बसवतात आणि खालच्या रेघा शाईने वर उतरवतात. त्या कापडावरून उन्हात छाप निघतो. साहेब पाहतो तो छाप, ठेकेदार खणतो तो त्या छापाबरहुकूम. खालच्या कागदावर राहिलेली पेन्सिलीची रेघ पुढे कुणी पाहत नाही. जे शाईने वर आलं नाही ते कामाच्या दृष्टीने नाहीच.

मी अशी एक गोष्ट वर आणली नाही. ती राहून गेली, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. राहून गेली नव्हती, मी ठेवली होती. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही, देवापुढे उभं राहूनही कधी मनातल्या मनात उच्चारलेलं नाही. आज लिहायला बसलो आहे. पण ते समजायचं तर आधी आबा समजायला हवेत, आणि आबा समजणं एकंदरीत कठीणच होतं.

मी कोकणातून नोकरीसाठी आलो तेव्हा चिंचवडच्या वरच्या अंगाला, पवनेच्या काठी, कापडाला लावायच्या रंगांचा एक कारखाना उभा राहत होता. मी त्याच्या बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तोही हंगामी. राहायला जवळच्या गावात खोली मिळते का पाहा, असं कुणीतरी म्हणालं, आणि मी आबांच्या दारात येऊन उभा राहिलो. आबा पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. मूळचे खेडकडचे. मूलबाळ नाही. घरात ते आणि काकू. गावात त्यांना ‘उलटे आबा’ म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्याचा त्यांना राग नव्हता.

मी खोली बघायला गेलो तेव्हा बैठकीत, पाहुण्याच्या खुर्चीला लागून, कचऱ्याची बादली होती. भाजीची देठं, चहाचा चोथा, कसलीतरी सालं. मी खुर्ची जरा सरकवली. आबांनी बादलीही माझ्या मागोमाग सरकवली.

“वास येतो?”

“छे, छे.”

“येतो. म्हणून तर ती इथे आहे. परसात ठेवली असती तर आठवडाभर कुणी हात लावला नसता. बैठकीत आहे म्हणून रोजच्या रोज रिकामी होते. घाण जितकी लांब लोटावी तितकी ती वाढते, साहेब.”

आतून काकूंचा आवाज आला, “आणि रिकामी कोण करतं तेही सांगा की त्यांना!”

“ही करते,” आबा खालच्या आवाजात म्हणाले. “ते कोडं अजून सुटलेलं नाही.”

मला ते ‘साहेब’ म्हणत ते थट्टेने. पुढे अरेतुरे आलं, पण साहेब सुटलं नाही.

आबांची सगळी उलटी बुद्धी कालव्यावरून आलेली होती. ते नोकरीत असताना एका चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाणी नेहमीप्रमाणे वरून सुटायचं. कालव्याच्या तोंडाशी ज्याची शेतं, तो आधी भिजवायचा, हवं तितकं घ्यायचा, बांध फुटला तरी बघायचा नाही. शेवटच्या शेतापर्यंत उरायचा तो चिखल. शेवटचा माणूस अर्ज करायचा, आणि अर्ज वर जायचा, पाणी मात्र खाली यायचं नाही. आबांनी एका वर्षी पाळीच फिरवली. पहिलं पाणी शेवटच्या शेताला, मग त्याच्या वरच्याला, असं करत तोंडापर्यंत.

“मग काय झालं?” मी विचारलं होतं.

“काय होणार? जे वर्षानुवर्षं गाळ काढत नव्हते ते फावडी घेऊन चारीत उतरले. खालचं भिजल्याशिवाय त्यांना मिळणार नव्हतं ना! वाटेत एक थेंब कुणाला चोरू देईनात. मी कुणालाही उपदेश केला नाही. नुसतं टोक बदललं.”

“आणि खातं?”

“खात्याने माझी बदली केली.”

मला सुधारक म्हणू नका, असं ते नेहमी बजावत. दयेवर त्यांचा विश्वास नव्हता. दया सकाळी असते, संध्याकाळी नसते, असं म्हणायचे. ज्याच्या हातात ताकद आहे त्याला शेवटी बसवा, म्हणजे मधलं सगळं तो आपोआप नीट करतो. हा त्यांचा एकच विचार. तोच ते सगळ्याला लावत सुटायचे. पिंपरीला निर्वासितांची छावणी झाली तेव्हा लोक म्हणत होते, वस्तीपासून लांब आहे हे बरं. आबा म्हणाले, पेठेच्या मधोमध द्यायला हवी होती जागा, शेजार झाला की भीती उरत नाही. मुंबई-पुणे रस्त्याचं एक धोक्याचं वळण सरळ करायचं ठरलं तेव्हा हे अर्ज घेऊन हिंडले, की वळण आहे म्हणून तर गाडीवाला जागा राहतो, सरळ कराल तर माणसं मरतील. लोक हसले. रस्ता सरळ झाल्यावर पहिल्याच सुगीत तिथे एक बैलगाडी ट्रकखाली गेली. आबा तेव्हा कुणाला ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ म्हणाले नाहीत. ते नुसते त्या घरी जाऊन बसून आले.

अर्थात प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर निघायचं असं मुळीच नाही. एकदा त्यांनी उंदीर मारायचे बंद केले. गोठ्याच्या कोपऱ्यात रोज मूठभर जोंधळे टाकायचे, पोट भरलं की उंदीर कणगीकडे फिरकणार नाहीत, असा सिद्धांत. थोड्याच दिवसांत कणगीला खालून भोक पडलं आणि घरभर पिल्लं. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बारशी तर झाली, आता पंगत कधी घालायची तेवढं सांगा.”

आबांनी कणगी पाहिली. “चुकलं,” म्हणाले, आणि स्वतः जाऊन सापळा आणला. चुकलं हा शब्द ते असा म्हणायचे, जसा दुसरा माणूस ‘पाणी दे’ म्हणतो. त्याच्यापुढे ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. मी असा दुसरा माणूस पाहिलेला नाही. स्वतः तर नाहीच होऊ शकलो.

जेवणाचाही त्यांच्या घरी उलटा प्रकार. काकूंनी आधी जेवायचं, मग मी, मग ते. शेवटी जेवणाऱ्याला स्वयंपाक पुरला की नाही ते कळतं, आणि घराचा कर्ता शेवटी असला तर तो पुरेल याची काळजी घेतो, म्हणून. काकूंना हे जन्मात पचलं नाही. “मला मेलीला देवळातल्या नंदीसारखं पुढे बसवतात, घास घशाखाली उतरत नाही,” म्हणायच्या. कुणी पाहुणा आला की पानावरून उठून चुलीपुढे जाऊन बसायच्या, आणि आबा सगळ्यांदेखत हाक मारायचे, “अगं, अर्धं पान तसंच आहे तुझं!” त्या लाजेने लाल व्हायच्या.

त्या घराला कुलूप नव्हतं. एकदा चोरी झाली. तांब्याचं मोठं घंगाळ गेलं, काकूंच्या माहेरचं. काकू रडल्या. कोण असेल याचा गावाला अंदाज होता, पाटील चौकीदाराला घेऊन निघालेच होते. आबा आडवे आले.

“नाव विचारू नका त्याचं.”

“अहो आबा, सगळ्या गावाला ठावं हाय कोण त्ये!” पाटील म्हणाले.

“असू दे. तुम्ही नाव घेतलंत की तो चोर झाला, आणि मग जन्मभर त्याला तेच करावं लागेल. नाही घेतलं तर त्याला परत यायला वाट राहते. माझं दार उघडंच आहे.”

तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बायकांकडे पाहत पाटील निघून गेले. पुढचा पंधरवडा काकू आबांशी धड बोलल्या नाहीत. आणि एका सकाळी घंगाळ तुळशीपाशी होतं. एका बाजूला पोचा आलेला, पण घासूनपुसून ठेवलेलं. आबांनी त्यात पाणी भरलं आणि आंघोळीला बसले. कोणी आणलं, कधी आणलं, याची चौकशी त्यांनी केली नाही आणि कुणाला करू दिली नाही. त्या घंगाळाची आठवण ठेवा. मला ती ठेवावीच लागली आहे.

आता नदी. कोकणात आमच्या प्रत्येक घराची आपापली विहीर, त्यामुळे नदीलाही वरचं आणि खालचं असतं हे मला इथे येऊन कळलं. गावाचा पिण्याच्या पाण्याचा घाट सगळ्यात वर. त्याच्या खाली धुण्याचे दगड. त्याच्या खाली गुरं. मग एक ओढा येऊन नदीला मिळायचा, आणि ओढ्यापलीकडे, या सगळ्याच्या खाली, गावाने ज्यांना शिवायचं नाही असं ठरवलं होतं त्यांची वस्ती. ती माणसं काठच्या वाळूत खड्डा खणून त्यात झिरपणारं पाणी भरायची. झिरा म्हणायचे त्याला. कायदा झाला होता, गावात तो वाचूनही दाखवला होता. झिरा होता तिथेच होता.

आबा पिण्याचं पाणी त्या झिऱ्यावरून आणायचे. रोज, स्वतः, खांद्यावर कळशी घेऊन. मी ते पाणी त्यांच्या घरी प्यायलो आहे.

“हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालंय मला, तुमच्या या कळशीपायी,” काकू म्हणायच्या.

“बरं झालं. हळद घरातच उरेल.”

वस्तीतली सोनाबाई नावाची एक तरुण बाई होती, जिभेची तिखट. आबा पहिल्यांदा कळशी घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली होती, “आबा, वरचं ग्वाड पानी सोडून आमचं उष्टं कशापायी न्हेता? काय पाप फेडायचं हाय का?”

“पाप नाही गं. गावातला एक जरी माणूस रोज खालचं पाणी प्यायला लागला तर वर काय धुतलं जातंय हे तो बघायला जाईल. मी तेवढ्यासाठी पितो.”

“आन् बघितलंसा तर ऐकनार कोन तुमचं?”

“ते बाकी खरं,” आबा म्हणाले.

पण ऐकलं जायचं थोडंफार. मेलेली गुरं ओढ्यात टाकायची पद्धत त्यांच्या कटकटीने बंद झाली. वस्ती त्यांना हळूहळू आपला माणूस मानायला लागली. सोनाबाई त्यांची कळशी स्वतः भरून द्यायची, आणि त्यांचे डोळे अधू झाल्यावर ओढा ओलांडायला हातही. आबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुण्याला जाऊन काढून घ्या म्हटलं तर म्हणायचे, पिकू दे, घाई काय आहे. ही घाई त्यांनी करायला हवी होती.

कारखान्याचं सांडपाणी नदीत कुठे सोडायचं त्याचा नकाशा माझ्याकडे आला. आबांना हे कळल्यावर ते आनंदाने उठूनच उभे राहिले. त्यांच्याकडे उत्तर तयारच होतं.

“पाइप कारखान्याच्याच विहिरीच्या वर सोडायचा. जिथून ते स्वतःसाठी पाणी उचलतात त्याच्या वरच्या अंगाला.”

“आबा, ते आपलंच रंगाचं पाणी परत उचलतील!”

“हो ना! मग बघ कसे साफ करून सोडतात ते. तपासनीस नको, दंड नको.”

“साहेब मला वेड्यात काढतील.”

“मला काढू दे. कारखान्यावाले गावात सभा घेणार आहेत ना, तिथे मीच बोलतो. तू एवढंच कर, काठावर जे जे आहे ते सगळं नकाशात घे.”

मग ते मला काठाने हिंडवून आले. स्वतःला धड दिसत नव्हतं, तरी पायांना वाट माहीत होती. घाट, दगड, गुरांची उतरण, ओढा, झिरा. झिऱ्यापाशी सोनाबाई होती. “ह्ये बी काढनार व्हय नकाशात?” तिने विचारलं, आणि माझ्या हातातल्या फळीवर डोकावून पाहिलं. मी पेन्सिलीने एक छोटं वर्तुळ काढलं होतं. “एवढंसंच?” म्हणाली. पण हसली. तिच्या आयुष्यात तिच्या वस्तीचं काही कागदावर येत होतं ते बहुधा पहिल्यांदा.

कचेरीत आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले. कागद पाहताना त्यांचं बोट त्या वर्तुळावर थांबलं.

“हे काय?”

“पाणवठा, सर.”

“कुणाचा?”

“ओढ्यापलीकडच्या वस्तीचा.”

“गावच्या जुन्या नकाशात आहे?”

“नाही, सर.”

त्यांनी सिगारेट पेटवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बस. काढून टाक म्हणाले नाहीत. घाल म्हणाले नाहीत. त्याच महिन्यात हंगामी माणसांपैकी कुणाला कायम करायचं ते ठरायचं होतं, आणि कायम झालेल्याला क्वार्टर मिळणार होती. पाइप ओढ्याच्या तोंडाशी सोडायचा असं वरून आलं होतं. झिरा दाखवला असता तर पाइप ओढा ओलांडून वस्तीच्या खालपर्यंत न्यावा लागला असता, ओढ्यावर बांधकाम, नवा आराखडा, उशीर. हे सगळं मला कुणी बोललं नाही. मला ते कळलं. कागदावर कापड ताणलं, घाट शाईने उतरवला, दगड उतरवले, गुरांची उतरण उतरवली. ओढा उतरवला. मग लेखणी पुसून ठेवली. मी खोडलं काहीच नाही. खाली कागदावर ते वर्तुळ होतंच. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिलो.

सभा मारुतीच्या देवळापुढे झाली. छाप भिंतीवर लावला होता. गावाला तो वाचता येत नव्हता, पण पाइप गावाच्या खाली जाणार एवढं पाटलांना समजलं होतं आणि त्यावर गाव खूश होतं. वस्तीतली माणसं नेहमीप्रमाणे पाराच्या पलीकडे उभी. कारखान्याचे साहेब खुर्चीवर. मी त्यांच्या मागे.

आबा बोलायला उठले. आता विहिरीच्या वरच्या पाइपाची उलटी गोष्ट निघणार म्हणून लोक आधीच हसायला लागले. आबा भिंतीपर्यंत गेले, छापाला नाक लावून पाहिलं, मान हलवली. काही दिसलं नाही. मग ते वळले आणि आवाजाच्या अंदाजाने माझ्या दिशेला पाहून म्हणाले, “साहेब, तू काढलायस हा. वस्तीचा झिरा घेतलास ना नकाशात?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. पाराच्या पलीकडून सोनाबाई पाहत होती. कारखान्याचे साहेब नखं पाहत होते.

“घेतलाय, आबा,” मी म्हणालो.

ते खोटंही नव्हतं, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. पेन्सिलीने घेतला होता.

आबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सगळी हयात नकाशांवर काढलेला माणूस. नकाशात आलेला पाणवठा सरकारला टाळता येत नाही, ही त्यांची श्रद्धा, कदाचित एकमेव. पाराकडे वळून ते म्हणाले, “ऐकलंत? झिरा नकाशात आहे. आता पाइप त्याच्या खालीच न्यावा लागेल. माझा शब्द घ्या.”

“आबा, तुमी म्हनता म्हंजी व्हय,” सोनाबाई म्हणाली.

विहिरीच्या वर पाइप सोडायची ती गोष्ट त्यांनी त्या दिवशी काढलीच नाही. गरज उरली नाही असं त्यांना वाटलं. ते एकटेच भांडले असते, हसं करून घेऊन, अर्ज घेऊन हिंडून, साहेबांना भंडावून सोडून भांडले असते. त्यांना मी गप्प केलं.

मी कायम झालो. क्वार्टरमध्ये राहायला गेलो. नळ होता, आणि नळाचं पाणी वरच्या विहिरीतलं, स्वच्छ.

कारखाना सुरू झाला, आणि ओढ्याच्या तोंडाशी रंग यायला लागला. वस्तीतली पोरं आज कुठला रंग याच्या पैजा लावायची, हिरवा की जांभळा. मग पोरांच्या अंगाला खाज उठायला लागली, गुरं झिऱ्याला तोंड लावीनात. बायका कळशा घेऊन वरच्या घाटावर गेल्या तेव्हा गावाने त्यांना काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. त्या मैलभर लांबच्या एका मळ्यात, विहिरीवर पाणी मागायला जायला लागल्या.

सोनाबाई आबांच्या ओसरीवर आली. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. म्हणाली, “आबा, नकाशात हुतं न्हवं?” एवढंच. आबा तसेच उठले आणि काठी टेकत कारखान्यात आले.

मी टेबलावर होतो. त्यांना माझं टेबल माहीत नव्हतं. माझ्या शेजारच्या सोबत्याला त्यांनी छाप काढायला लावला, हाताने चाचपून टेबलावर सपाट केला.

“ओढ्याच्या पलीकडे काय दिसतं, बाळ?”

“काही नाही, आजोबा. कोरं आहे.”

“कोरं?”

“एकदम कोरं.”

आबांनी छापाची गुंडाळी केली, अगदी काळजीने, जशी ड्राफ्ट्समन करतो. मग विचारलं, “आमचा साहेब कुठे बसतो?” सोबत्याने माझ्याकडे बोट केलं. “इथेच आहेत की.” आबा माझ्याकडे वळले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्यांचा दिसत होता. त्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“जेवायला येत जा कधी,” ते म्हणाले. “दार उघडंच असतं.”

आणि गेले. वस्तीत जाऊन त्यांनी सांगितलं, “चुकलं. डोळे नसताना नकाशावर बोललो.” माझं नाव घेतलं नाही. पण या वेळी ते ‘चुकलं’ कुणी मानलं नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं कालव्याचे नकाशे वाचले त्याला हा वाचता आला नाही, हे लोकांना पटेना. आबा कारखान्याला मिळाले, असं वस्तीने धरलं. सोनाबाईने कळशी भरून देणं बंद केलं. कुणी ओढ्यात हात देईना. तरी ते जात राहिले, काठीने चाचपत, त्याच झिऱ्यावर, आणि तेच पाणी आणून पीत राहिले.

एका दिवाळीत मी गेलो. मिठाईचा पुडा घेऊन. आबा खाटेवर होते, पोट खूप दिवस बिघडलेलं. डॉक्टर वयाचं म्हणत होते. काकू मला चुलीपाशी घेऊन गेल्या आणि कुजबुजल्या, “मी ते पाणी ओतून देते रे. घाटावरचं आणून कळशीत भरते. यांना रंग दिसत नाही ना. पण परवा प्यायले आणि म्हणाले, आज पाण्याला चवच नाही. कळतं त्यांना. मला बोलत मात्र नाहीत.” त्या डोळे पुसत राहिल्या. “असा कसा माणूस फसला रे? तू तर होतास तिथे.”

मी म्हणालो, “हो, होतो.”

आबा जागे झाले. मी खाटेशी बसलो. कोपऱ्यात ते पोचा आलेलं घंगाळ होतं. मग आबांनी विचारलं, “काही बोलायचं होतं का, साहेब?”

ते वाट पाहत होते. मला नक्की ठाऊक आहे. एकदा त्यांनी असं दार उघडं ठेवलं होतं आणि एक माणूस घासूनपुसून भांडं ठेवून गेला होता.

“नाही, आबा. सहजच आलो होतो.”

“बरं,” ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारली. “अगं, तू जेव आधी. मग याला वाढ.”

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेला गाव आलं, उलटं का होईना आपलं माणूस म्हणून. ओढ्यापलीकडून कुणी आलं नाही. काकू खेडला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या.

मी अजून त्याच कारखान्यात आहे. आता मुख्य ड्राफ्ट्समन. सगळीकडे शेतांचे प्लॉट झाले, गावाला नळ आले, वस्तीलाही आले, झिरा केव्हाच गाळात गेला. त्यामुळे झालं गेलं असं म्हणायची सोय होती, आणि मी ती वापरत होतो. परवा गेटासमोरच्या बसथांब्यावर एक म्हातारी शेजारी येऊन बसली. हातात डबा. मुलगा आमच्याच पॅकिंगमध्ये, डबा विसरला म्हणून द्यायला आलेली. नदीकडून वास आला तशी तिने नाकाला पदर लावला आणि आपसूक बोलायला लागली. आवाजावरून मी ओळखलं. तिने मला नाही.

“आमच्याकडं एक म्हातारं यायचं बगा रोज, आमचंच पानी प्यायला. आमाला वाटायचं, ह्यो आपला मानूस हाय. पर ते बी कारखान्याला इकलं गेलं. नकाशात हाय म्हनून सांगितलं तोंडावर, आन् नव्हतं. आमची पोरं त्याच्या शब्दावर ऱ्हायली.” मग डबा मांडीवर घेत म्हणाली, “गोड बोलायचं पर म्हातारं.”

मी म्हणालो, “बस आली, मावशी.”

बस खरंच आली होती. तिला चढायला हात दिला. आबांना ती द्यायची तसा.

आबा विकले गेले नव्हते. झिरा मी काढला होता, त्यावर शाई मी फिरवली नाही, आणि सभेत घेतलाय असं मी सांगितलं. हे सोनाबाईच्या दारात उभं राहून, तिच्या मुलाच्या आणि वस्तीच्या समोर, तोंडाने सांगायचं आहे. इथे लिहिलं म्हणून ते फिटत नाही. तेवढं माझ्याकडून अजून देणं आहे.